कुडपणने परत धाडलेलं क्रियापद

उतेकर सरांनी आयुष्यात उत्तर दिलं नाही असं एकच पत्र होतं, आणि ते देव्हाऱ्याच्या मागच्या फळीच्या फटीत खोचून ठेवलेलं होतं. त्यामुळे रोज पूजेला बसलं की देवाच्या आधी पत्राचं दर्शन व्हायचं. वास्तविक पत्रोत्तराच्या बाबतीत सर फार पापभीरू. विजेच्या बिलाखाली ‘आपल्या सूचना कळवा’ असं छापलेलं असतं, त्यालाही त्यांनी एकदा दोन पानी उत्तर पाठवलं होतं. ते कुणी वाचलं असेल अशी शंका खुद्द सरांनाही नव्हती. पण विचारलंय तर सांगावं, एवढाच त्यांचा धर्म.

हे पत्र मात्र राहिलं. निळं आंतर्देशीय होतं आणि कुडपणहून आलं होतं. लिहिणारी आवडी शेलार. पोलादपूरच्या शाळेत सरांच्या हाताखालून गेलेली, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणारी, पुढे वर कुडपणच्या पठारावर दिलेली मुलगी. लॉकडाऊन उठल्यानंतरच्या हिवाळ्यात तिनं लिहिलं होतं:

‘सर, हल्ली आमच्याकडे मुंबई-पुण्याची माणसं हवा खायला येतात. मी त्यांना जेवण करून घालते. ती आपल्या पोरांशी इंग्रजी बोलतात. सगळं समजत नाही, पण एक शब्द दर वाक्यात असतो, गेट. उठायला गेट, उतरायला गेट, चप्पल आणायला गेट, आजारी पडायलाही गेट. आणि समजलं का, असं विचारायलासुद्धा तोच. माझी ऋतिका सहावीत आहे. तिनं विचारलं, आई, एवढ्या सगळ्याला एकच शब्द कसा? मी म्हटलं, माझे सर महाडला असतात, ते नक्की सांगतील. तरी कळवावे.’

‘नक्की’ या शब्दाखाली सरांनी त्याच दिवशी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. आनंदानं नव्हे, धास्तीनं.

कारण उतेकर सरांच्या मनात एक जुना संशय होता. आपण उभा जन्म इंग्रजी शिकवलं खरं, पण आपल्याला इंग्रजी येतं का? निवृत्तीच्या सुमारास महाडच्या स्टँडवर एका गोऱ्या माणसानं त्यांना रायगडची गाडी विचारली होती. सरांनी कर्ता निश्चित केला, कर्म निश्चित केलं, आणि काळ साधा वापरावा की चालू यावर ते विचार करत असताना गाडी आली, गोरा चढला आणि गाडी गेलीही. तेव्हापासून स्टँडवर गोरा माणूस दिसला की सर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागे जाऊन उभे राहत.

तरीही पत्र आलं त्या संध्याकाळी ते उत्साहानं उत्तराला बसले. चार ओळींचं काम होतं. फक्त खात्री करावी म्हणून त्यांनी मोठा शब्दकोश उघडला, आणि तिथे घात झाला. ते क्रियापद पान भरून होतं, पान उलटलं तरी होतं, पुढच्या पानावरही होतं. मिळणं, मिळवणं, आणणं, होणं, पोचणं, कळणं, सापडणं, पटवणं. एकत्र कुटुंबात एखादा बिनलग्नाचा काका असतो, ज्याला दळण आणायला, पाहुणे पोचवायला, माळ्यावरची परात काढायला, कशालाही हाक मारावी, तसं इंग्रजी भाषेनं या शब्दाला राबवून घेतलेलं दिसत होतं. आणि त्याला मागे-पुढे एखादा चिमुकला शब्द चिकटला की काका एकदम वेगळ्याच गावचा. एका जोडीचा अर्थ पळून जाणं, दुसरीचा दुःखातून सावरणं, तिसरीचा कसंबसं निभावून नेणं. ही तिसरी जोडी सरांना विशेष जवळची वाटली.

मग मूळ शोधणं आलं. मुळाशिवाय अर्थ सांगणं म्हणजे सातबारा न बघता जमीन घेणं, असं सर वर्गात सांगत असत. तर मूळ असं निघालं की हा शब्द इंग्रजांच्या घरचा नव्हेच. उत्तरेकडच्या समुद्रावरून लुटालूट करत आलेल्या दर्यावर्दी लोकांबरोबर तो आला. त्यांच्या भाषेत ‘गेटा’, म्हणजे धरणं, हातात घेणं. इंग्रजांकडे त्याचे भाऊबंद आधीपासून होते, पण एकटे कधी न फिरणारे. नेहमी दुसऱ्या कुणाचा हात धरून. त्यातला एक ‘फरगेट’, म्हणजे विसरणं: धरलेलं हातातून सुटणं. सरांना हे इतकं आवडलं की ते स्वयंपाकघरात जाऊन आनंदीबाईंना सांगून आले. आनंदीबाई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या म्हणाल्या की ते ठीक आहे, पण दूध आणायचं आपल्या हातातून सकाळीच सुटलेलं आहे.

दुसरा भाऊबंद ‘बिगेट’. त्याचा अर्थ अपत्याला जन्म देणं, आणि तोही बापानं. हे एका विवाहित विद्यार्थिनीला, जिच्या शेजारी तिची सहावीतली मुलगी बसलेली असणार, कोणत्या शब्दांत लिहावं यावर सरांचा आठवडा गेला. त्यांनी ते वगळून पाहिलं. वंशावळ अपुरी वाटली. घालून पाहिलं, कानशिलं गरम झाली. अखेर त्यांनी ‘वंशविस्तार इत्यादी’ असं लिहिलं आणि पुढे गेले. त्या ‘इत्यादी’बद्दल त्यांना नंतर बरेच दिवस अपराधी वाटत होतं.

अशा रीतीनं उत्तर वाढत गेलं. होळी झाली, आंबे आले. आनंदीबाई एकदा कागदांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाल्या, “अहो, त्या पोरीनं एका शब्दाचा अर्थ विचारला. तुम्ही त्याचं बारसं, मुंज, लग्न सगळं लावून देताय. श्राद्ध कधी घालणार ते सांगा, म्हणजे मी खिरीचं बघते.”

श्राद्ध सावित्री नदीनं घातलं. त्याच पावसाळ्यात महापूर आला. सरांचं बिऱ्हाड तळमजल्यावर. पाणी ओट्यावर आलं, मग उंबऱ्यावर, मग टेबलावर. आनंदीबाईंनी लोणच्याची बरणी, गॅसची शेगडी आणि देव्हारा एवढं वर नेलं. सर मधल्या जिन्यावर चष्मा हातात धरून उभे होते. पाणी ओसरल्यावर घरात मांडीइतका चिखल होता, आणि त्या चिखलात शब्दकोश फुगून उशीएवढा झालेला सापडला. उत्तर शाईनं लिहिलेलं होतं. त्याचे निळसर कोरे कागद तेवढे उरले. आवडीचं पत्र मात्र देव्हाऱ्याच्या फटीत होतं, आणि देव्हारा देवांसकट वर गेला होता. म्हणजे प्रश्न वाचला आणि उत्तर बुडालं. यात काही संकेत असावा असं सरांना वाटलं, पण तो कोणता हे कळेना.

पुरातल्या त्या दोन रात्री उतेकर दांपत्याला वरच्या मजल्यावरच्या किशोररावांनी आसरा दिला होता. किशोरराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जगात अशी एकही गोष्ट नाही जिला ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ नसतो, अशी त्यांची श्रद्धा. माणूस भला, पण त्यांच्या घरची खिचडी खाल्ल्यापासून त्यांचा कुठलाही सल्ला नाकारण्याचा हक्क सरांनी गमावला होता. पुढे जे झालं त्याचं बीज त्या खिचडीत आहे.

पुरानंतर वर्षं गेली. भिंती वाळल्या, रंग दिला, पाण्याची रेघ रंगातूनही परत वर आली. सरांनी पत्राचा विषय मनात मागे सारला. म्हणजे सारल्यासारखं केलं. देव्हाऱ्याकडे बघताना ते थोडं डावीकडे बघू लागले.

मग एका बाजारच्या दिवशी स्टँडवर त्यांना कोंडाजी शेलार भेटले. कुडपणचे शेतकरी, नाचणी घेऊन महाडला उतरलेले. त्यांचा मुलगाही कधीकाळी सरांच्या वर्गात होता. कोंडाजींनी हात जोडले, आणि मग जरा वेळ सरांकडे निरखून बघत राहिले.

“काय झालं?” सर म्हणाले.

“काय नाय गुर्जी. आमची आवडी हाय ना, बयाबायची सून, ती इचारत व्हती, सर हायत ना वो बरं? म्हनलं बगून सांगतो.” कोंडाजींनी सरांना पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हायत म्हनून सांगतो.”

आवडीनं उत्तराबद्दल विचारलं नव्हतं. सर जिवंत आहेत का, एवढंच विचारलं होतं. उत्तर न येण्याचं याहून चांगलं कारण तिला सुचलं नसावं. कोंडाजींनी जाता जाता हेही सांगितलं की तिची पोरगी औंदा दहावीला आहे, पोस्टमन वर आला की अजून तीच आधी धावते.

सर घरी आले, जेवले नाहीत, आणि नवीन शब्दकोश घेऊन बसले. या खेपेला उत्तर महिन्याभरात तयार झालं. पहिल्याहून मोठं झालं. ‘इत्यादी’ तसंच ठेवलं.

आता ते पाठवायचं कसं? इथे किशोररावांनी जिन्यातच अडवलं. असं कसं पाठवता, म्हणाले. हस्तलिखित? उद्या कुणी म्हटलं मिळालंच नाही, तर तुमच्याकडे पुरावा काय? एवढ्या वर्षांच्या विलंबानंतर उत्तर देताना ते नियमानं गेलं पाहिजे. वरती विषय, खाली संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक, टंकलिखित प्रत, आणि रजिस्टर, पोचपावतीसह. सरांना हे सगळं आवडीसाठी फार वाटत होतं, पण खिचडी आठवली आणि ते ‘बरं’ म्हणाले.

टाइपिंगला सुशांतकडे गेले. सुशांतचं दुकान कोर्टासमोर. दिवसभर दावे, कैफियती आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून त्याच्या बोटांना एकच वळण लागलेलं. त्यानं मजकूर वाचला नाही. तो कुणाचाच वाचत नसे, त्यामुळे त्याला झोप चांगली लागायची. पण सवयीनं त्यानं तो लांब हिरवट कागदावर घेतला, डावीकडे चार बोटं समास सोडला, सुरुवातीला ‘महाड मुक्कामी’ घातलं, आणि शेवटी ‘येणेप्रमाणे वरील मजकूर खरा व बरोबर असे’ हे आपल्या पदरचं जोडलं. सरांना ते वाक्य खटकलं. आपल्या इंग्रजीबद्दल इतकी खात्री त्यांनी स्वतः कधी दिली नसती. पण सुशांत म्हणाला, “राहू द्या सर, शोभतं.” मग त्यानं ते कापडी अस्तराच्या लांब तपकिरी पाकिटात घातलं, आणि पाठीमागे आपल्या दुकानाचा शिक्का मारला. शिक्क्याची शाई वरच्या बाजूला कमी लागली, त्यामुळे दुकानाचं नाव उठलंच नाही. खालची ओळ तेवढी ठसठशीत आली: कोर्टासमोर, महाड.

पोस्टात वजन झालं, तिकिटं लागली, पावती मिळाली. किशोररावांनी पावती स्वतः घडी घालून सरांच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “सुटलात.”

सर पोचेची वाट बघू लागले. आवडी सही कशी करत असेल याचाही त्यांनी विचार केला. शाळेत ती ‘डी’चं पोट फार मोठं काढायची. त्यांनी तिला कधी टोकलं नव्हतं; ते पोट त्यांना बघायला बरं वाटायचं.

पोच आली नाही. पाकीट आलं. तेच, सगळ्या तिकिटांसकट, आणि वर तांबड्या पेनानं लिहिलेलं: ‘घेण्यास नकार’.

उतेकर सर त्या दिवशी बराच वेळ कॉटवर पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हे त्यातलं वाईट. आपल्याला कधीतरी कुणीतरी असं लिहून परत पाठवणार याची जणू ते शाळेत लागल्यापासून वाट बघत होते. इतकी वर्षं मुलं वर्गात बसली, कारण दाराला हेडमास्तर होते. पहिल्यांदा एका विद्यार्थिनीला घ्यायचं की नाही हे ठरवायची मोकळीक मिळाली, आणि तिनं ठरवलं.

किशोरराव पाकीट बघून प्रसन्न झाले. नकार म्हणजे कायद्यानं बजावणी झाली, म्हणाले. आता तिला उत्तर मिळालं नाही असं कुठल्याही कोर्टात म्हणता येणार नाही. सरांनी मान डोलावली. चार दिवस आनंदीबाईंनी दोघांचं जेवण वाढलं आणि एकाचं झाकून ठेवलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, “जाऊन या.”

“कुठे?”

“देवाच्या मागे बघताय तिथे.”

तेव्हा मार्च लागला होता. सर पोलादपूरला उतरले आणि कुडपणच्या गाडीत बसले. पाकीट पिशवीत दुमडलं असतं म्हणून त्यांनी ते बगलेत धरलं होतं. गाडी महाबळेश्वरच्या रस्त्याला लागली, मग तो सोडून आत वळली आणि डोंगर चढू लागली. शेजारची बाई मोसंबीची साल नाकाला लावून बसली होती. “मला गाडी लागते, खिडकी द्या,” म्हणाली. सरांनी खिडकी दिली. आवडी दारात आली तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते जुळवत होते. ‘मी तुझा सर’ हे बरं, पण ‘तुझा’ म्हणायचा आता हक्क होता का? ‘मी उतेकर’ म्हणावं तर फार कोरडं. वळणं संपली तरी वाक्य जुळलं नाही.

कुडपणच्या थांब्यावर ते उतरले. पांढरा शर्ट, काळी पँट, खिशाला दोन पेनं, बगलेत लांब तपकिरी पाकीट, आणि चेहऱ्यावर गुन्हा केल्यासारखा भाव. पारावर दोघं-तिघं बसले होते. ते उठून गेले. वाटेतलं एक दार लागलं, मग दुसरं. कुंपणाशी काटक्या मोडणारा एक म्हातारा सरांनी शेलारांचं घर विचारल्यावर म्हणाला, “सगली शेलारच हायत,” आणि काटक्या तिथेच टाकून आत गेला. इथले लोक लाजरे आहेत असं सरांना वाटलं, आणि क्षणभर त्यांना गावाबद्दल आपलेपणाही वाटला.

घर शेवटी सापडलं. अंगणात पाहुण्यांसाठी टेबलं-खुर्च्या मांडलेल्या होत्या. ओसरीवर एक म्हातारी वाल सोलत होती. ती बयाबाई, आवडीची सासू.

“कोन पायजे?”

“आवडीबाई शेलार. मी महाडहून आलोय. त्यांना एक कागद द्यायचा होता.”

इतकं स्पष्ट आणि इतकं घातक वाक्य सरांच्या तोंडून जन्मात निघालं नव्हतं.

बयाबाईचे हात थांबले नाहीत. “आवडी नाय. मुंबयला गेली.”

“कधी येतील?”

“येनार नाय. तिचा न्हवरा बी तितंच. कोन नाय हितं, मी एकलीच. मला सई येत नाय न् आंगटा मी देनार नाय.”

सर तिथेच उन्हात उभे राहिले. जावं तर गाडी परतायला अवकाश होता, बसावं तर कुणी बस म्हटलं नव्हतं. म्हातारीनं आणखी दोन शेंगा सोलल्या, त्यांच्याकडे बघितलं, आणि उठून पाण्याचा तांब्या आणला. मागून कोरा चहाही आणला.

“घ्या. तुमचा तरी काय दोष, साह्यब. सरकार धाडतंय, तुमी येताव. पन म्हातारपनी ही नोकरी करू नये मानसानं. पोरं नाय काय तुमाला?”

सर चहा घेत ओट्याच्या कडेला बसले. बयाबाई बोलत राहिली. एकटं माणूस समोर आलं की, मग तो कोर्टाचे कागद आणणारा बेलिफ का असेना, तिला बोलायला बरं वाटत असावं. पठारावर जमिनी बघत शहरातली माणसं फिरतात, गेल्या साली दोन घरांना असेच लांब कागद आले, घेतले आणि फसले; कोर्टाच्या फेऱ्या अजून चालू आहेत. मग गावकी बसली, देवळात नारळ ठेवला आणि ठरलं: महाडचं रजिस्टर कुणी घ्यायचं नाही. जो घेईल त्यानं गावाला जेवण घालायचं.

“आन् मागल्या म्हयन्यात हिच्याच नावानं आलं. ह्येच्यासारखंच.” तिनं सरांच्या बगलेकडे बोट केलं. “मागं कोर्ट लिवलेलं. पोस्टमननं वाचून दावलं. गावानं परत लावलं. सून माजी जेवली नाय. म्हनली, आत्या, मी कुनाचं काय केलंय गो?”

सरांनी कपबशी खाली ठेवली. “मग... कुणाला विचारलं नाही त्यांनी?”

“इचारनार व्हती. तिचं एक मास्तर हायत म्हाडला, विंग्रजीचं. लय मानती त्येंना. मी म्हनलं, लिव की मग त्येंना पत्र, ते सांगतील कसला कागद हाय तो.” बयाबाईनं वालाची शेंग मोडली. “तर म्हनली, नको आत्या. सर पत्राला उत्तर देत नायत.”

‘ते मास्तर मी.’ वाक्य अगदी तयार होतं. कर्ता होता, काळ साधा वर्तमान, संशयाला जागा नव्हती. उतेकर सरांनी तोंड उघडलं, आणि खालच्या वळणावर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. नसता वाजला तरी ते बोलले असते की नाही, याबद्दल त्यांनी पुढे बराच विचार केला, आणि निष्कर्ष कुणाला सांगितला नाही.

ते एवढंच म्हणाले, “हे पाकीट कोर्टाचं नाही. सुनेला सांगा. घाबरायचं काही नाही.”

“मागला बेलिफ बी आसंच म्हनला व्हता,” बयाबाई शांतपणे म्हणाली. मग जरा मऊ होऊन म्हणाली, “मुंबयला नाय गेली ती. खाली पोलादपूरला गेली, पोरीला घिऊन. परीक्षा हाय. आज विंग्रजीचा पेपर.”

सर गाडीत बसले. आत शहरातून आलेली दोन पोरं आणि गावातली चार माणसं होती. गाडी उतरू लागली. सरांनी पाकीट या खेपेला मांडीवर आडवं टाकलं. दुमडलं तर दुमडू दे.

मागच्या बाकावर एकजण फोन कानाला लावून ओरडत होता की रेंज लागत नाय, घाट लागला. त्याच्या बायकोनं विचारलं की आंबेनळीच्या रस्त्याला कवा लागू, मला तहान लागली. कुणीतरी म्हणालं की रस्त्याला खर्च लय लागला पन खड्डे तसंच. पुढे दहावीचा निकाल कधी लागणार यावर बोलणं गेलं, मग कुणाच्या तरी पोराला मुंबईत काम लागल्यावर, मग कुणाच्या बापाला दारूचं व्यसन लागल्यावर. सर ऐकत होते. पहिल्या दोन वळणांना नुसतं ऐकलं. तिसऱ्या वळणाला त्यांनी हळूच मागे वळून त्या माणसांकडे बघितलं.

लागणं. या शब्दाचा अर्थ काय, असं जन्मात त्यांना एकाही पोरानं विचारलं नव्हतं. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, वेड लागतं, दिवा लागतो. मूळ बघावं तर साधं: चिकटणं. कुणालाही त्यासाठी शब्दकोश काढावा लागला नव्हता. पाच वर्षांचं पोरही ते बरोबर वापरतं, आणि आपण तेवढं एक वाक्य आवडीला लिहिलं असतं तर त्या हिवाळ्यातच भागलं असतं. फरक असलाच तर एवढाच की इंग्रज माणूस सगळं जाऊन धरतो, भूकही आणि तापही. आपल्याकडे सगळं आपलं आपण येऊन माणसाला लागतं. सरांना वाटलं, आपल्या बाबतीत तरी हे फार खरं आहे.

शोधाचा आनंद व्हावा तसा झाला नाही. बाहेर डोंगर वाळून पिवळे पडले होते. पोलादपूरला गाडी थांबली तेव्हा शाळेचे कपडे घातलेल्या मुलींचे घोळके स्टँडवर उभे होते, प्रश्नपत्रिका हातात धरून. त्यातली एक ऋतिका असणार आणि कुठेतरी आवडीही. सरांनी खिडकीतून सगळे चेहरे बघितले. मग महाडची गाडी आली.

महाडच्या पोस्टात खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. सरांनी पोस्टकार्ड मागितलं तेव्हा आतल्या माणसानं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि खालच्या खणात बराच वेळ शोधून एक काढून दिलं. कडा पिवळ्या पडलेल्या होत्या. बाहेरच्या डिंक लागलेल्या टेबलाशी उभं राहून सरांनी लिहिलं. मसुदा केला नाही.

‘चि. आवडीस अनेक आशीर्वाद. तुझ्या नावानं आलेलं लांब पाकीट कोर्टाचं नव्हतं, माझं होतं. तुला घाबरवल्याबद्दल वाईट वाटतं. गावकीला दाखव, कुणाला जेवण घालावं लागणार नाही.

आता तुझा प्रश्न. गेट म्हणजे आपलं लागणं. आपण भूक, ठेच, नोकरी, वेड सगळ्याला लागणं म्हणतो, तसं ते सगळ्याला गेट म्हणतात. त्याचं मूळ धरणं. धरलेलं सुटलं की फरगेट. मी विसरलो नव्हतो, पण तुला तसं वाटलं असेल, तर ते बरोबरच आहे.

उत्तर एवढंच होतं. ऋतिकाला सांग. सासूबाईंना सांग की चहा चांगला होता.

तुझे सर.’

शेवटची ओळ लिहून झाल्यावर कार्डावर जागा उरली नाही, त्यामुळे ‘वंशविस्तार इत्यादी’ला जागाच नव्हती, आणि ही एक अडचण परस्पर सुटली.

पेटीशी किशोरराव भेटले. ते संध्याकाळच्या फेरीला निघाले होते. त्यांनी सरांच्या हातातलं कार्ड पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “उघडं? अहो, वाटेत दहाजण वाचतील. पोस्टमन अख्ख्या गावाला वाचून दाखवेल.”

“हो,” सर म्हणाले.

“आणि पोच?”

सरांनी कार्ड फटीत घातलं. अर्धं आत गेल्यावर त्यांना वाटलं की ‘तर ते बरोबरच आहे’ याच्या आधीचा स्वल्पविराम नसता तरी चाललं असतं; आणि ‘तुझे सर’ हे जरा जास्तच झालं का? बोटं थोडा वेळ तशीच राहिली. मागे किशोरराव घसा खाकरत होते.

मग सरांनी बोटं उघडली. आत, तळाशी, कार्ड पडल्याचा आवाज आला. फार मोठा नव्हता.